पालिकेच्या जमाखर्चात या चुका टाळा

बँकेचा ताळमेळ, म्हणजे आपली वही आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवून बघणं, मार्चमध्ये नव्हे, दर महिन्याला घ्यायचा असतो. पहिल्याच ओळीत हे लिहितोय, कारण आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागातल्या लहान-मोठ्या पालिकांचे हिशेब बघताना जेवढे गुंते हाताला लागले, त्यातले बहुतेक इथूनच सुरू झालेले होते. लोकांना वाटतं पालिकेचा हिशेब बिघडतो तो कुणीतरी पैसे खाल्ल्यामुळे. तसंही होतं. पण रोज बिघडतो तो कंटाळ्याने आणि घाईने, आणि त्याची किंमत काउंटरपलीकडे उभारलेला माणूस मोजतो.

नवीन लागलेली मुलं हुशार असतात. कॉमर्सची पदवी असते, टॅली येतं, बेळगावात खडेबाजारच्या एखाद्या दुकानाचे हिशेब लिहिलेले असतात. पण दुकानात पैसा एका मालकाचा असतो. पालिकेच्या खात्यात एकाच वेळी घरपट्टीवाल्यांचा, ठेकेदारांच्या अनामतीचा, आयकर खात्याचा, ग्रंथालय खात्याचा आणि वित्त आयोगाचा पैसा पडलेला असतो. म्हणून तर २००६ च्या पालिका लेखा आणि अंदाजपत्रक नियमांनी कर्नाटकातल्या पालिकांना रोखीची जुनी कीर्द सोडून दुहेरी नोंदीवर (प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना) आणि निधीनिहाय हिशेबावर आणलं. ते नियम एकदा तरी शांतपणे वाचा. सॉफ्टवेअरमधलं बटण कुठलं दाबायचं हे शेजारचा सांगेल. ती नोंद तिथे का जाते, हे तुम्हालाच माहीत पाहिजे.

‘सध्या सस्पेन्सला टाकू, नंतर बघू’

सस्पेन्स म्हणजे कुणाचे ते न कळलेले पैसे तात्पुरते ठेवायचं खातं. आणि हे ‘नंतर’ कधीच येत नाही.

आपल्याकडे घरपट्टी एप्रिलमध्ये भरली तर ५ टक्के सवलत मिळते, आणि ठरलेली मुदत उलटली की दरमहा २ टक्के दंड लागतो. काही वर्षी सरकार सवलतीची मुदत वाढवतं, पण लोकांच्या डोक्यात एप्रिलच बसलेला आहे. शेवटच्या आठवड्यात झुंबड उडते. कुणी काउंटरवर रोख भरतो, कुणी चेक देतो, कुणी बँकेत चलन भरतो, कुणी मोबाईलवरून. पावती सगळ्यांना त्या दिवशीची मिळते, पण पैसा मात्र वेगवेगळ्या दिवशी खात्यावर येतो. चेक बँकेत टाकून वटेपर्यंत वेळ जातो. ऑनलाइनचे पैसे शंभर जणांचे मिळून एकाच ठोक रकमेत येतात. ३० एप्रिलला भरलेलं चलन २ मेला दिसतं, कारण मधे १ मेची सुट्टी. आता हिशेबाला बसलेला मुलगा बँकेची तारीख धरून नोंदी करत गेला, तर ३० तारखेला भरणाऱ्याची सवलत गेली आणि तेवढी बाकी त्याच्या नावावर चढली. करदात्याच्या खात्याला तारीख चलनावरच्या शिक्क्याची लावायची. बँकेची तारीख बँकेच्या ताळमेळापुरती.

एका गावात झालेली गोष्ट सांगतो. बाजारपेठेत छोटं दुकान असलेल्या एक मावशी डिमांड नोटीस घेऊन आल्या. मागच्या वर्षाची पूर्ण बाकी आणि त्यावर दंड. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मावशी, कॉम्प्युटरवर बाकी दिसते. भरावंच लागेल.” त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली चलनाची प्रत काढली. “भरलेत की रे बाळा. शिक्का बघ की बँकेचा. सवलतीसाठी उन्हात लाईनीत उभारले होते मी.” शिक्का ३० एप्रिलचा, अगदी स्वच्छ. मुलाने पुन्हा स्क्रीनकडे बघितलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

मी ते चलन मागून घेतलं. मिळकत क्रमांक मावशींच्या मुलाने मराठी आकड्यांत लिहिला होता: २१३. ज्याने नोंद केली त्याने त्यातला मराठी एक हा इंग्रजी नऊ म्हणून वाचला आणि २९३ टाकलं. त्या वॉर्डात २९३ नंबरची मिळकतच नव्हती. सॉफ्टवेअरने नोंद घेतली नाही, काउंटरवर गर्दी होती, रक्कम सस्पेन्सला गेली. इथवरचं समजू शकतो. एप्रिलअखेरच्या गर्दीत कुणाच्याही हातून होईल. पण त्यानंतर जवळजवळ वर्षभर ते सस्पेन्स खातं कुणी उघडूनच बघितलं नाही, आणि त्याच नावावर थकबाकीची नोटीस निघाली. याचा मला राग येतो. पैसे पालिकेकडे होते, व्याज पालिका खात होती आणि दंडही पालिकाच मागत होती.

खातं उघडलं तर मावशी एकट्या नव्हत्या. अनेकांचे असे पैसे, बँकेने चुकून दिलेल्या रकमा, न वटलेल्या चेकच्या उलट नोंदी, सगळं एकत्र. असला गुंता सोडवताना माझी एक सवय आहे. नाव किंवा नंबर धरून शोधत नाही, रक्कम धरून शोधतो. कर, त्यावरचे उपकर आणि वरून ५ टक्के वजा असं करून जी रक्कम येते, ती अडनिडी असते. ३,८४७ रुपये म्हटलं की एका वॉर्डात तेवढी मागणी असलेल्या दोन मिळकती क्वचितच सापडतात. डीसीबी रजिस्टर (कुणाकडे किती मागणी, किती वसूल, किती बाकी याची वही) रकमेच्या क्रमाने लावायचं, बँकेचं स्टेटमेंट तसंच लावायचं आणि शेजारी ठेवून खाली उतरत जायचं. उरतील त्यांच्यासाठी चलनांचे गठ्ठे काढायचे. गठ्ठे काढायला कुणालाच आवडत नाही. पण उत्तर तिथेच असतं.

आकड्यांचा प्रश्न आपल्या भागात कायमचा आहे, कारण एकाच टेबलावर तीन प्रकारचे आकडे येतात. जुन्या रजिस्टरांत कानडी, लोकांच्या हातात मराठी, कॉम्प्युटरवर इंग्रजी. हा मुलूख १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुन्या घरांच्या कागदांवर मराठी आकडे भरपूर दिसतात. मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा, मराठी चार हा इंग्रजी आठसारखा. कानडी सहा आणि नऊ घाईत लिहिले की कुणालाच ओळखू येत नाहीत. मी काउंटरवरच्या मुलांना एवढंच सांगतो: चलन हातात घेतलं की क्रमांक मोठ्याने वाचून दाखवा आणि समोरच्याने ‘हो’ म्हटल्यावरच टाका. अक्षरी रक्कम नसलेलं चलन घेऊच नका. रांगेतले लोक कुरकुरतील. कुरकुरू द्या.

आणि सस्पेन्सला टाकायचंच झालं तर शेऱ्यात चलन क्रमांक, तारीख, भरणाऱ्याचं नाव आणि जमलं तर फोन नंबर लिहा. नुसतं ‘बीइंग अमाउंट रिसीव्ह्ड’ लिहिलेली नोंद सहा महिन्यांनी कुणाच्याही उपयोगाची नसते. मी दर सोमवारी सकाळी, चहाच्या आधी, बँकेचं स्टेटमेंट काढतो. महिना संपताना सस्पेन्समध्ये जे उरेल त्याची यादी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर जाते. वरिष्ठांना ती यादी आवडत नाही, म्हणूनच पुढच्या महिन्यात ती लहान होते.

दुसऱ्याचा पैसा उत्पन्नात धरणं

घरपट्टीच्या पावतीवर दिसणारी सगळी रक्कम पालिकेची नसते. ग्रंथालय उपकर ६ टक्के, भिक्षेकरी उपकर ३ टक्के. म्हणजे १०,००० रुपये कर असेल तर ६०० आणि ३०० असे ९०० रुपये आपण दुसऱ्यासाठी गोळा केलेले असतात. गोळा करण्याचा खर्च म्हणून जो हिस्सा ठेवायला परवानगी आहे तेवढाच आपला. बाकी सगळं देणं. पण पावती फाडली की अख्खी रक्कम घरपट्टीच्या हेडला टाकून मोकळं होणारे लोक मी पाहिलेत. वर्षअखेर वसुली भरघोस दिसते, सभागृहात टाळ्या पडतात आणि उपकराची थकलेली देणी पुढच्या लेखापालाच्या डोक्यावर बसतात.

ठेकेदाराच्या बिलातही हेच होतं. समजा काम ५,००,००० चं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९०,०००, बिल ५,९०,०००. ठेका अडीच लाखांच्या वर गेला की जीएसटीचा टीडीएस (पैसे देतानाच बिलातून कापून घ्यायचा कर) २ टक्के कापायचा, पण तो ५,००,००० वर, म्हणजे १०,०००. नवीन माणूस ५,९०,००० वर कापून ११,८०० करतो आणि ठेकेदार भांडायला येतो. त्याचं भांडण बरोबर असतं. आयकराचा टीडीएसही जीएसटी वेगळा दाखवला असेल तर मूळ रकमेवरच: ठेकेदार एकटा माणूस असेल तर १ टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर २. बांधकाम कामगारांसाठीचा उपकर १ टक्का. आयकराचं कापलेलं पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचं, मार्चचं ३० एप्रिलपर्यंत. जीएसटीचं १० तारखेपर्यंत. कापून घेतलं आणि भरलं नाही तर आयकर खातं महिन्याला दीड टक्का व्याज लावतं. ते व्याज जनतेच्या पैशातून गेलं की ऑडिटवाले पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, काढतात आणि वसुली सही करणाऱ्याच्या पगारातून सुचवतात. त्यात मला काहीच चूक दिसत नाही.

माझी सवय: बिल पास झालं त्याच दिवशी कपातीची चलनं तयार करून ठेवतो. तारखेची वाट बघत बसत नाही. कपातीचे पैसे खात्यात पडून राहिले की कुणाला तरी ते शिल्लक वाटायला लागतात.

अनामतीचंही असंच. एका ठिकाणी रस्त्याच्या कामाची हमीची मुदत संपली आणि ठेकेदार अनामत मागायला आला. अनामत रजिस्टरात त्याचं नाव नव्हतं. बिलातून कापलेली रक्कम कुणीतरी ‘इतर जमा’ या हेडला टाकली होती, आणि ती कधीच खर्च होऊन गेली होती. माणूस जुन्या बिलाची झेरॉक्स घेऊन महिनोन्‌महिने खेटे घालत राहिला. अनामत रजिस्टर हाताने लिहा. सॉफ्टवेअर असलं तरी लिहा. दर पानावर काम, ठेकेदार, कापल्याची तारीख आणि परत करायची तारीख. हे जुनाट वाटतं, पण चालतं.

थोडक्यात सांगण्यासारखं

रद्द केलेल्या पावतीच्या सगळ्या प्रती पुस्तकातच चिकटवा. कोरी पावती पुस्तकं कपाटात मोजून, सही घेऊन द्या. व्हाइटनर कार्यालयात आणूच नका. तीन महिन्यांत न वटलेला चेक शिळा होतो, हा नियम २०१२ पासून आहे. तरी ताळमेळ पत्रकात दोन-दोन वर्षांचे चेक ‘वटायचे बाकी’ म्हणून दिसतात. करदात्याचा चेक परत आला तर पावतीची नोंद त्याच दिवशी उलटवा, नाहीतर डीसीबीला तो माणूस भरलेला आणि बँकेत पैसे नाहीत.

वित्त आयोगाच्या अनुदानातलं बांधील (ठरलेल्या कामांसाठीच वापरायचं) वेगळं, मोकळं वेगळं, आणि त्यावरचं व्याजही त्याच्याच सोबत. अनुसूचित जाती-जमातींसाठीचे २४.१० टक्के, इतर दुर्बल घटकांचे ७.२५ टक्के आणि दिव्यांगांचे ५ टक्के मार्चमध्ये आठवले तर खर्च कागदावरच होतो. त्या पैशाची वाट बघणारी मुलं, म्हातारी माणसं गावातच असतात. एप्रिलमध्येच बाजूला काढा.

गटार दुरुस्त केली तर तो त्या वर्षीचा खर्च, नवीन बांधली तर मालमत्ता. हे ओव्हरसियरला विचारा, अंदाजाने ठरवू नका.

गणपती विसर्जनासाठी क्रेन, दिवे, मंडप यांचा ॲडव्हान्स दिला तर बिलं दसऱ्याच्या आत मागा. दिवाळी उलटली की ती बिलं कुणाच्याच खिशात सापडत नाहीत, आणि ॲडव्हान्स त्या कर्मचाऱ्याच्या निवृत्तीपर्यंत वहीत राहतो.

दोन बेरजा जुळत नसतील तर फरकाला ९ ने भागून बघा. पूर्ण भाग गेला तर बहुधा आकड्यांची अदलाबदल आहे, ४,५६० चे ४,६५० झाले असतील. भाग जात नसेल तर फरकाच्या निम्मी रक्कम शोधा, ती चुकीच्या बाजूला गेलेली असू शकते. सॉफ्टवेअरच्या काळातही या दोन युक्त्यांनी माझ्या कितीतरी संध्याकाळी वाचवल्यात. नवीन मुलं मात्र फरक सापडला नाही की तेवढ्याची जर्नल एन्ट्री मारून जुळवतात. फरक एक रुपयाचा असला तरी तसं करू नका. एक रुपयाच्या खाली कधीकधी एक लाख जमा आणि नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव खर्च लपलेले असतात.

डिजिटल सहीचा डोंगल

पेमेंटवर तुमची सही उमटवणारा तो पेनड्राइव्हसारखा तुकडा कॉम्प्युटरला लावून जेवायला जाऊ नका. डेटा ऑपरेटर विश्वासू आहे, वर्षानुवर्षं सोबत आहे, पासवर्ड त्याला माहीत आहे म्हणून कामं पटापट होतात, हे सगळं मी ऐकलंय. सही तुमची आहे. चौकशी आली तर नाव तुमचं निघेल, आणि त्या कंत्राटी पोराचंही आयुष्य त्यात अडकेल. त्याला या जबाबदारीत ढकलण्याचा हक्क तुम्हाला नाही. डोंगल खिशात, पासवर्ड डोक्यात. एखादं पेमेंट उद्यावर गेलं तरी चालेल.

बदली झाली की

बदलीची ऑर्डर आली की लोक दोन दिवसांत चार्ज सोडतात. नवीन माणूस कपाटाच्या किल्ल्या घेतो आणि सही करतो. तसं करू नका, घेणाऱ्यानेही नाही आणि देणाऱ्यानेही नाही. चार्ज द्यायच्या तारखेचं प्रत्येक बँक खात्याचं ताळमेळ पत्रक काढा, मग ते वापरात नसलेलं जुनं योजनेचं खातं का असेना. सस्पेन्सची यादी नावानिशी जोडा. अनामत रजिस्टरची बेरीज मारून खाली दोघांच्या सह्या घ्या. न भरलेल्या कपाती, अर्धवट ॲडव्हान्स, वापरात असलेली पावती पुस्तकं, प्रत्येकाचा वेगळा कागद. मुख्याधिकारी ‘उद्या जॉइन व्हा’ म्हणून घाई करतील. त्यांना लेखी सांगा की ताळमेळ पूर्ण झाल्यावर चार्ज घेतो, आणि त्या पत्राची पोच घेऊन फाईलला लावा.