दुकानाची वेबसाइट: बाकी सगळं सोपं, नेमसर्व्हर तेवढे जपून

लातूरला माझ्याकडे साइट बनवून मागायला माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती घेताव?’ माझाही ठरलेला: ‘डोमेन (म्हणजे साइटचं नाव, डॉट कॉम-डॉट इनवालं) कुणाच्या नावावर आहे?’ यावर बरेच जण गप्प होतात. कुणाचं भाच्याच्या नावावर असतं. कुणाचं आधी साइट केलेल्या पोराच्या नावावर, आणि तो आता पुण्याला नोकरीला लागलाय, फोन उचलत नाही.

‘दहा मिनिटांत वेबसाइट’ सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. दहा मिनिटांत साइट होते, खोटं नाही. ती चालू दुकानाला जोडताना काय काय बंद पडतं, ते मात्र त्यात कुणी दाखवत नाही.

साइट हवीच का?

विकायला चार वस्तू आणि गिऱ्हाईक सगळं उदगीर-अहमदपूरचंच असेल तर करू नका. गूगल नकाशावर दुकानाची फुकट नोंद करा, व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग भरा, पैसे वाचवा. माल पुण्या-मुंबईला किंवा राज्याबाहेर जाणार असेल तर पुढे वाचा. बीडचं सीताफळ, मराठवाड्याचा केशर आंबा, जालन्याची मोसंबी यांना भौगोलिक मानांकन आहे आणि लोक ती नावं टाकून शोधतात. तुमचा माल खरंच तिथला असेल तर वस्तूच्या नावातच ते लिहा. ‘उत्तम दर्जाचा आंबा’ असं कुणी शोधत नाही.

डोमेन

डोमेन म्हणजे सातबारा. तो स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाइल नंबरावर आणि स्वतःच्या खात्यातून पैसे भरून घ्यायचा. साइट बनवणाऱ्याला पासवर्ड द्या, मालकी देऊ नका. मलासुद्धा नाही.

खात्याला ईमेल देताना त्याच डोमेनवरचा देऊ नका. नूतनीकरण राहिलं तर मेलही बंद पडते, आणि खातं सोडवायची लिंक नेमकी त्या बंद मेलवर जाते. साधा जीमेल द्या. डॉट कॉम घेतलंत तर ईमेल पडताळणीची लिंक येईल. ती १५ दिवसांत दाबली नाही तर डोमेन तात्पुरतं बंद करतात. माझ्या ओळखीतल्या एकाने ती जाहिरात समजून पुसून टाकली होती.

नाव असं घ्या की फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता यावं. ‘श्री’पासून सुरू होणारं नाव शक्यतो टाळा, इंग्रजीत ते तीन-चार तऱ्हांनी लिहितात. डॉट इन किंवा डॉट कॉम, दोन्ही चालतात. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. हौस असेल तर जोडीला घ्या, पण ईमेलसाठी वापरू नका, कारण अजून कित्येक फॉर्म तो पत्ता चुकीचा म्हणून नाकारतात.

होस्टिंग

होस्टिंग म्हणजे साइटच्या फाइली ठेवायला दुसऱ्याच्या सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा. सुरुवातीला शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एका सर्व्हरवर बऱ्याच जणांच्या साइटी, एवढं पुरतं. सर्व्हर भारतात आहे ना एवढं विचारा. पहिल्या वर्षाच्या भावाकडे बघू नका, नूतनीकरणाचा भाव बघा. ‘अनलिमिटेड’ हा शब्द दिसला की फाइलींच्या संख्येवर मर्यादा किती ते शोधा, ती असतेच.

साइट उभी करणं

वर्डप्रेस (साइट बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) घाला, त्यावर दुकानासाठी वूकॉमर्स, दिसण्यासाठी एखादी हलकी फुकट थीम. मोबाइलचे चार-पाच एमबीचे फोटो तसेच चढवू नका, प्रत्येक दोनशे केबीच्या आत आणा. मजकूर मात्र तपासून घ्या. आपल्याकडे तो डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या जुन्या फाँटात, येतो आणि साइटवर टाकला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी वाचा.

हे सगळं होस्टिंगवाल्याने दिलेल्या तात्पुरत्या पत्त्यावर करायचं. जुनी साइट असेल तर तिला अजून हात लावायचा नाही.

नावाला नवा पत्ता जोडणं

माझे केस इथे पिकले.

एका डाळ मिलचं काम होतं. जुनी साइट चार पानांची, मेल मात्र दुसऱ्या एका कंपनीकडे नीट चाललेली. नव्या होस्टिंगच्या स्वागताच्या मेलमध्ये लिहिलं होतं, ‘तुमचे नेमसर्व्हर बदलून हे दोन टाका.’ मी टाकले. शुक्रवारी संध्याकाळी. दोन तासांत नवी साइट दिसायला लागली आणि मी खुशीत घरी गेलो. सोमवारी सकाळी मालकांचा फोन: ‘आओ, परवापासून एकबी मेल येईना गेलंय. पार्ट्या फोन करायलेत. काय केलाव तुमी?’

काय केलं होतं ते कळायला मला अर्धा दिवस लागला. डीएनएस म्हणजे तुमच्या नावाची पत्त्यांची वही. तिच्यात एक ओळ साइटची असते, सर्व्हरच्या आकडी पत्त्याची (आयपीची), तिला ए रेकॉर्ड म्हणतात. एक-दोन ओळी मेलच्या, त्या एमएक्स. काही टीएक्सटीच्या, ज्यांवरून तुमच्या नावाने आलेली मेल खरी की खोटी ते समोरचा ठरवतो; एसपीएफ आणि डीकेआयएम त्यातल्याच. आणि नेमसर्व्हर म्हणजे ही वही कुणाच्या गल्ल्यात ठेवली आहे ते. नेमसर्व्हर बदलले की वहीतली एक ओळ बदलत नाही, अख्खी वहीच बदलते. नव्या वहीत होस्टिंगवाल्याने मेलची ओळ आपल्याच सर्व्हरची भरून ठेवली होती. मेल तिथे जात होत्या आणि इथे असा कुणी राहत नाही म्हणून परत फिरत होत्या.

मी लगेच जुने नेमसर्व्हर टाकले. तरी दोन दिवस काही मेल येत होत्या, काही नाही. जगभरचे सर्व्हर एकदा विचारलेला पत्ता ठरावीक वेळ लक्षात ठेवतात. या वेळेला टीटीएल म्हणतात, तो सेकंदात मोजतात. डॉट कॉमच्या वरच्या पातळीवर नेमसर्व्हरच्या माहितीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद आहे, म्हणजे बरोबर दोन दिवस. ‘४८ तास लागतात’ असं जे सगळे सांगतात ते इथून आलंय. ते दोन दिवस मालकांचे फोन मी उभ्याने घेतले.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. साइट हलवायला नेमसर्व्हर बदलायची गरज बहुतेक वेळा नसते. होस्टिंगवाले तसं सांगतात कारण त्यांना ते सोपं पडतं. वही आहे तिथेच राहू द्या, फक्त साइटची ओळ बदला.

मी आता करतो ते असं. आधी जुन्या वहीतली प्रत्येक ओळ उतरवून घेतो, पडद्याचा फोटोही काढतो. ही नक्कल डोमेनच्या पॅनलमधूनच घ्या. बाहेरून तपासणाऱ्या साइटवर सगळ्या ओळी दिसत नाहीत. विशेषतः डीकेआयएमची, कारण तिचं नाव ठाऊक असल्याशिवाय ती सापडत नाही. मग ए रेकॉर्डचा टीटीएल ३०० करतो आणि एक दिवस थांबतो. हा थांबण्याचा दिवस लोक खातात. जुना टीटीएल ८६,४०० असेल तर जुना पत्ता लोकांच्या लक्षात पूर्ण २४ तास राहणार, तुम्ही आज किती का कमी करा ना. दुसऱ्या दिवशी ए रेकॉर्डमध्ये नव्या सर्व्हरचा आयपी टाकतो. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची ओळ वेगळी असेल तर तीही बदलतो. पाच-दहा मिनिटांत काम होतं आणि मेलला धक्का लागत नाही. काही बिघडलं तर जुना आयपी परत टाकायला पाच मिनिटं.

नेमसर्व्हर बदलावेच लागले, समजा जुनी कंपनीच सोडायची आहे, तर आधी नव्या वहीत सगळ्या ओळी भरायच्या, जुन्या नकलेशी एकेक टिचकी मारत जुळवायच्या, मगच बदलायचे.

आता दोन खड्डे, ज्यांत मी पडलोय.

पहिला म्हणजे चार ए असलेली ओळ, एएएए. तिच्यात आयपीव्ही६चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या लांबलचक आयपीचा पत्ता असतो. मी ए बदलला आणि ही ओळ जुन्या सर्व्हरकडेच राहिली. दुकानातल्या वायफायवर नवी साइट दिसत होती, मालकांच्या मोबाइल डेटावर जुनी. मी त्यांना ‘कॅशे साफ करा’ म्हणत राहिलो आणि ते बिचारे फोन बंद-चालू करत राहिले. मोबाइल डेटा बऱ्याचदा आयपीव्ही६वर चालतो, त्यामुळे त्यांचा फोन त्या जुन्या ओळीने जात होता. नव्या सर्व्हरला आयपीव्ही६ नसेल तर ही ओळ काढून टाका. ती राहिली तर साइटच्या कुलपाचं (एसएसएलचं) लेट्स एनक्रिप्टचं फुकट प्रमाणपत्रही अडतं, कारण तपासणी आधी त्याच पत्त्यावर जाते.

दुसरा जास्त फसवा. बाहेरच्या सगळ्या मेल येतात, पण साइटवरून आलेल्या ऑर्डरची मेल तेवढी येत नाही. कारण नव्या सर्व्हरला वाटतं की या नावाची मेल आपल्याच घरात राहते, म्हणून तो ती बाहेर पाठवतच नाही, स्वतःच्या रिकाम्या पेटीत टाकतो. मेल दुसऱ्या कंपनीकडे असेल तर सीपॅनलमध्ये (होस्टिंगचं पॅनल) ‘ईमेल राउटिंग’मध्ये जाऊन ‘रिमोट’ निवडा. एका मसालेवाल्यांच्या सहा ऑर्डरी अशा पेटीत पडून होत्या. ते म्हणत होते साइट चालत नाही, आणि साइट तर चालत होती.

साइटची मेल थेट सर्व्हरवरून न पाठवता वर्डप्रेसमध्ये एसएमटीपी प्लगइन (मेल पाठवायची जोडणी) घालून तुमच्या मेल कंपनीमार्फत पाठवा. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं. ते नसेल तर ऑर्डरची पावती गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जाते किंवा परत येते. एसपीएफची ओळ म्हणजे तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतो त्याची यादी; ती एका नावाला एकच ठेवायची. दोन लिहिल्या तर दोन्ही वाया. नवी सेवा जोडायची तर त्याच ओळीत घाला.

हे काम शुक्रवारी संध्याकाळी करू नका, दिवाळीच्या तोंडावर करू नका, आणि मिल असेल तर हंगामात तर नकोच. मंगळवारी सकाळी करा. जुनं होस्टिंग निदान पंधरा दिवस चालू ठेवा. त्याचे वाचणारे दोन-चारशे रुपये कुणालाच श्रीमंत करत नाहीत.

कुलूप, पैसे, कागद

पत्ता फिरला की पॅनलमधून एसएसएलचं प्रमाणपत्र काढा. लेट्स एनक्रिप्टचं फुकट मिळतं आणि पॅनल ते आपोआप नवं करतं.

पेमेंट गेटवेवाले (साइटवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन तुम्हाला देणारी कंपनी) पॅन, बँक खातं आणि साइटवर चार पानं मागतात: संपर्क, अटी, गोपनीयता, माल परत व पैसे परत. दुसऱ्याच्या साइटवरून ही पानं उचलू नका; मी एका हळदवाल्याच्या साइटवर ‘कपड्यांचा साइज न बसल्यास’ असं वाचलंय. ई-कॉमर्सचे २०२०चे ग्राहक संरक्षण नियम लागू आहेत. साइटवर कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव हवं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात. तो ‘अधिकारी’ म्हणजे बहुधा तुम्हीच. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षेच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा (एफएसएसएआयचा) १४ आकडी नंबर साइटवर टाका. वस्तू परराज्यात विकायची तर उलाढाल कितीही कमी असली तरी सहसा जीएसटी नोंदणी लागते. काही हस्तकलेच्या वस्तूंना सूट आहे, म्हणून पैठणी-हिमरूवाल्यांनी आधी सीएंना विचारावं.

बॅकअप रोज, आणि त्याच सर्व्हरवर नको.

उघडण्याआधी

दहा रुपयांची एक वस्तू तयार करा. परगावच्या मेहुण्याला सांगा, रात्री जेवण झाल्यावर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर ती मागव, यूपीआयने पैसे भर. तुम्ही फोनवर काहीही समजावून सांगायचं नाही. त्याला पावतीची मेल आली का, तुम्हाला ऑर्डरची मेल आली का, पैसे गेटवेच्या खात्यात दिसले का, हे तीन बघा. मग ऑर्डर रद्द करा आणि पैसे त्याला परत मिळतात का तेही बघा. मिळाले की ती वस्तू काढून टाका आणि साइटचा पत्ता बिलबुकावर छापायला द्या.