गाडी जॅकवर घेताना: जॅकची निवड, जागा आणि घोडी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत रविवारी सकाळी कंपाउंडमध्ये क्रिकेट चालतं. चेंडू गाडीखाली गेला की सगळ्यांत लहान पोराला आत पाठवायचं, हा अलिखित नियम. अशाच एका रविवारी मी वॅगनआरचं पुढचं डावं चाक काढून बसलो होतो आणि गाडी डिकीतल्या कात्री जॅकवर उभी होती. चेंडू घरंगळत आला, मागोमाग पोरगं आलं. जमिनीला छाती टेकून ते आत सरकणार एवढ्यात मी त्याची कॉलर धरली आणि चेंडू झाडूने बाहेर काढला. दहाएक मिनिटांनी जॅकखालचा पेव्हर ब्लॉक एका कडेला खचला, जॅक तिरका झाला आणि गाडी धाडकन ब्रेकच्या डिस्कवर बसली. डिस्कचा खर्च मी विसरलो. ते पोरगं अजून आठवतं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. धरून ठेवायला जॅक स्टँड लागतो, गॅरेजात ज्याला घोडी म्हणतात. चाक बदलायचं असेल तर नुसता जॅक चालेल, कारण तेव्हा अंगाचा कोणताही भाग गाडीखाली जात नाही. ब्रेक पॅड बघायचे, मडगार्डच्या आतला चिखल धुवायचा, खालून गळती कुठे आहे ते शोधायचं, तर घोडीशिवाय हात घालू नका.

कोणता जॅक घ्यावा

गाडीबरोबर येतो तो कात्री जॅक. त्याचा स्क्रू असा कापलेला असतो की वजनाने तो उलटा फिरत नाही, म्हणून हा जॅक आपोआप खाली बसत नाही. मात्र त्याचा पाया तळहाताएवढा, त्यामुळे तो आडवा पडू शकतो. हायड्रॉलिक जॅकचं उलटं आहे. त्यातला रुंद पायाचा ट्रॉली जॅक सहसा आडवा पडत नाही, पण कोणताही हायड्रॉलिक जॅक आतलं सील झिजलं किंवा झडपेत कचरा अडकला की हळूहळू खाली बसतो, कधी एकदमही बसतो. कोणत्या जॅकची कशी भीती बाळगायची हे कळलं की अर्धं काम झालं.

कात्री जॅकचा हँडल सुरुवातीला घाम काढतो आणि वर गेल्यावर हलका होतो. जॅक बसका असताना त्याचे हात जवळजवळ आडवे असतात आणि स्क्रूवर सर्वाधिक ताण येतो, हे त्याचं कारण. गंमत अशी की हँडल हलका लागायला लागतो तेव्हाच जॅक उंच आणि डळमळीत झालेला असतो.

हायड्रॉलिकमध्ये बाटली जॅक आणि ट्रॉली जॅक असे दोन प्रकार. दोन्हींत शाळेत शिकलेला पास्कलचा नियम काम करतो: छोट्या पिस्टनवर दिलेला दाब तेलातून मोठ्या पिस्टनवर पोहोचतो आणि तिथे त्याचं बळ कैक पट होतं. बाटली जॅक स्वस्त आणि दणकट, पण मिटलेला असतानाच साधारण 18 ते 20 सेंमी उंच असतो. आपल्या बहुतेक हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स 16-17 सेंमीच्या आसपास, त्यात टायर बसलेला असेल तर आणखी कमी. म्हणजे तो खाली शिरतच नाही. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या उंच गाड्यांना तो ठीक.

घरी काम करणाऱ्याने ट्रॉली जॅक घ्यावा, असं माझं मत. पाया रुंद, मिटलेली उंची साधारण 13-14 सेंमी आणि लांब दांडा असल्यामुळे पंप मारताना आपण गाडीपासून लांब राहतो. अडचण एकच, हे धूड ठेवायचं कुठे? मुंबईच्या फ्लॅटमध्ये बायकोच्या परवानगीशिवाय ते गॅलरीत राहत नाही. माझं वॉशिंग मशीनच्या मागे असतं.

क्षमता ठरवण्यासाठी आरसी काढा. त्यावर 'अनलेडन वेट' म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन छापलेलं असतं. समजा ते 900 किलो आहे. पुढचा एक कोपरा उचलताना जॅकवर सगळं वजन येत नाही, साधारण 300 किलोच्या आसपास येतं. तरीही जॅकची क्षमता गाडीच्या पूर्ण वजनापेक्षा जास्तच घ्या: लहान गाड्यांना 2 टन, एसयूव्हीला 3 टन.

खरेदीला मस्जिद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट उत्तम, हत्यारांची दुकानंच दुकानं. कुर्ल्याचा सीएसटी रोडही आहे. टेप घेऊन जा, मिटलेली उंची दुकानातच मोजा, पायाशी तेलाचा ओलावा आहे का बोट फिरवून बघा. चोरबाजारात जुना पाना घ्या, कात्री जॅकही घ्या, स्क्रू सरळ असला म्हणजे झालं. जुना हायड्रॉलिक जॅक मात्र घेऊ नका, त्याच्या आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही.

घोडी दोन प्रकारची मिळते: दात्यांची रॅचेटवाली आणि भोकांतून आडवा पिन घालायची. मी पिनवाली घेतली. 2020 मध्ये अमेरिकेत रॅचेटचे लाखो स्टँड परत मागवावे लागले होते, कारण दाता नीट न अडकल्याने स्टँड अचानक खाली बसू शकत होता. पिन घातला आहे की नाही हे डोळ्यांना दिसतं, दात्यांच्या बाबतीत विश्वास ठेवावा लागतो. घोडीला पर्याय म्हणून विटा किंवा रीडेव्हलपमेंटच्या साइटवर पडलेले सिपोरेक्सचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ठोकळे कधीच लावू नका. ते आधी वाकून इशारा देत नाहीत, एका क्षणात त्यांचा भुगा होतो.

जागा

जागेकडे बहुतेक जण बघतच नाहीत, आणि मुंबईत खरी मेख तिथेच आहे. पेव्हर ब्लॉकखाली वाळू असते. पावसाळ्यात ती वाहून जाते आणि वरून सपाट दिसणारा ब्लॉक आतून पोकळ राहतो. माझा जॅक तिथेच फसला. भर उन्हात डांबर मऊ होतं आणि जॅकचा पाया त्यात रुततो. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण म्हणजे तर खाली सरळ खड्डाच. आणि टॉवरमध्ये राहत असाल, गाडी मशीनच्या स्टॅक पार्किंगमध्ये असेल, तर तिथल्या पत्र्याच्या ट्रेवर जॅक लावायचा विचारही करू नका. गाडी खाली, पक्क्या जमिनीवर आणा.

सगळ्यांत चांगली जागा म्हणजे स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमधलं काँक्रीट. पण तिथेही पाणी निघून जावं म्हणून उतार दिलेला असतो. पोरांकडून चेंडू मागून घ्या आणि जमिनीवर ठेवा. तो स्वतःहून चालू लागला तर जागा बदला. जॅकखाली 18 मिमी जाडीच्या प्लायवुडचा फूटभर चौकोन ठेवा. फक्त ट्रॉली जॅकच्या बाबतीत एक लक्षात घ्या: गाडी वर जाताना हा जॅक चाकांवर थोडा पुढे सरकतो, सरकायलाच हवा. पेव्हरच्या फटीत त्याचं चाक अडकलं तर तो सरकत नाही आणि वरची वाटी गाडीखालून निसटते. म्हणून त्याच्यासाठी फळी मोठी घ्या, चारही चाकं तिच्यावर मावतील एवढी.

उचलण्याआधी

हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'मध्ये. एवढ्यावर भागेल असं वाटतं, पण भागत नाही. आपल्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. पुढचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीमुळे) ते मोकळं फिरू शकतं आणि गिअरचा काहीच उपयोग राहत नाही. तेव्हा गाडी धरतो तो फक्त मागच्या चाकांचा हँडब्रेक. मागची दोन्ही चाकं उचलली तर उलट, हँडब्रेक हवेत आणि भार गिअरवर. त्यामुळे जमिनीवर राहणाऱ्या चाकांना, निदान तिरक्या समोरच्या चाकाला, पुढून-मागून ठोकळे लावायचेच. खंडाळ्याच्या घाटात ट्रक थांबला की क्लीनर सगळ्यांत आधी उडी मारून चाकाला दगड लावतो. तेच शहाणपण.

चाकाचे नट जमिनीवर असतानाच पाव फेरा ढिले करून घ्या. पंक्चरवाल्यांनी गनने आवळलेले नट डिकीतल्या पान्याला दाद देत नाहीत, मग माणूस पान्यावर लाथा मारतो. तेव्हा गाडी जॅकवर असेल तर पुढचं सांगायला नको. पान्याला दोन फुटी पाइप लावला की काम होतं. गाडीत कोणी बसलेलं नको, झोपलेली आजीसुद्धा नको.

कुठे टेकवायचा

गाडीच्या दारांखालच्या पट्टीवर, पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे, पत्र्याच्या कडेला दोन खाचा असतात. कात्री जॅकच्या डोक्यावरची चीर त्या खाचांमधल्या कडेवर बसते. ट्रॉली जॅकची सपाट वाटी तिथे लावली तर कड वाकते, म्हणून मध्ये खाच पाडलेलं रबर घाला. मॅन्युअलमध्ये पुढच्या किंवा मागच्या क्रॉसमेंबरची (गाडीखालच्या मजबूत आडव्या पट्टीची) जागा दाखवली असेल तर ट्रॉलीला ती अधिक बरी. तेलाचा संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं), फ्लोअरचा पातळ पत्रा, पाइप यांना जॅक लावायचा नाही. सीएनजी गाडीत गॅसची नळी खालून जाते आणि इलेक्ट्रिक गाडीत पोटाखाली बॅटरी असते, तेव्हा मॅन्युअलमधलं चित्र बघितल्याशिवाय हातच लावू नका.

समुद्राजवळच्या गाड्यांचं आणखी एक दुखणं. खाऱ्या हवेने आणि साचलेल्या पाण्याने नेमकी हीच पट्टी आतून गंजते. वरचा रंग शाबूत असतो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा, 'करकर' आवाज आला किंवा टोक आत गेलं तर तिथे जॅक लावू नका, पत्रा चुरगळेल. आधी डेंटरकडे.

उचलताना

जॅक टेकेपर्यंत वर घ्या आणि थांबा. खाली वाकून बघा: डोकं बरोबर खाचेत आहे का, जॅक सरळ उभा आहे का. मग थोडं उचला, पुन्हा बघा. तिरका वाटला तर हातोडीने ठोकून सरळ करू नका, खाली घ्या आणि परत लावा. टायर जमिनीपासून दोन बोटं सुटला की पुरे. स्टेपनी लावायची असेल तर थोडं जास्त, कारण हवा भरलेलं चाक बसायला जागा लागते. टायर एवढा बसला असेल की जॅकच आत जात नाही, तर ते चाक एखाद्या फळीवर चढवून घ्या. तेवढी उंची पुरते.

घोडी लावायची असेल तर मॅन्युअलने दाखवलेल्या मजबूत जागेखाली ठेवा, पिन पूर्ण आरपार आहे ना ते बघा आणि जॅक अगदी हळू उतरवून वजन तिच्यावर येऊ द्या. मग बाहेर उभं राहून गाडीला दोन्ही हातांनी चांगला धक्का द्या. पडायचीच असेल तर आत्ता पडू दे, तुम्ही बाहेर असताना. हलली नाही तर जॅक परत नुसता टेकवून ठेवा आणि काढलेलं चाक पट्टीखाली आडवं सरकवा. सगळं फसलं तरी गाडी त्या चाकावर थांबेल.

हे सगळं हायवेवर पंक्चर झाल्यावर जमत नाही. एक्स्प्रेसवेवर ताशी 100 किमीने येणारी गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर कापते. रहदारीच्या बाजूचं चाक तिथे बदलूच नका. हॅझर्ड लावा, त्रिकोण बराच मागे ठेवा, सगळ्यांना बॅरिअरपलीकडे उभं करा आणि मदत बोलवा. रिम खराब झाली तरी चालेल, पण जमत असेल तर गाडी हळूहळू रुंद जागेपर्यंत न्या.

खाली उतरवताना आणि नंतर

नट आधी हाताने फिरवून बसवा, मग पान्याने समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळा. गाडी जमिनीवर आली की शेवटचं आवळणं. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) असेल तर मॅन्युअलमधला आकडा वापरा. नसेल तर डिकीतल्या पान्याने हाताच्या जोराने पुरेसं आवळलं जातं. पायाने नाही. आट्यांना तेल लावू नका, त्याने नट गरजेपेक्षा जास्त आवळले जातात. 50-100 किमीनंतर पुन्हा एकदा पाना फिरवून बघा.

हायड्रॉलिक जॅकची झडप उतरवताना अगदी पाव फेरा, त्याहूनही कमी. काम झाल्यावर पिस्टन पूर्ण आत ठेवा, बाहेर राहिला तर मुंबईच्या दमट हवेत गंजतो आणि तोच गंज सील कापतो. तेल कमी झालं तर जॅकचंच तेल घाला. ब्रेक ऑइल घातलंत तर सील फुगून जॅक कामातून जाईल. नवा जॅक आणला की आधी त्याची परीक्षा घ्या: गाडी थोडी उचला, घोडी दोन बोटं खाली लावून ठेवा, पट्टीची उंची टेपने मोजा आणि चहा पिऊन या. अर्ध्या तासाने आकडा उतरला असेल तर जॅक दुकानात परत.

आणि एखाद्या रविवारी, काही बिघडलेलं नसताना, स्टेपनी काढून बघा. सीएनजीच्या टाकीमुळे ती बाहेर कशी येते हे अनेकांना पहिल्या पंक्चरच्या रात्रीच कळतं. हवाही तेव्हाच तपासा. माझ्या स्टेपनीत पहिल्यांदा बघितलं तेव्हा 12 पीएसआय होती, म्हणजे हवी त्याच्या निम्मीही नाही.