दहा नंबरच्या लेण्यातला हिशेब कसा वाचावा

नाशिकची पांडवलेणी बघायला येणारे एक नंबरपासून सुरुवात करतात आणि सातव्या-आठव्या लेण्यापर्यंत कंटाळतात. मी बत्तीस वर्षं पतपेढीत खतावण्या लिहिल्या, त्यामुळे असेल, पण माझं ऐका: वर चढलात की आधी दहा नंबर गाठा. बौद्ध भिक्षूंचा खर्च कशावर चालायचा, ते भिंतीवरच कोरलेलं आहे.

सकाळी जा. फाळके स्मारकापाशी पायथा आहे. पायऱ्या दोनशेच्या आसपास, गुडघ्यांना विचारून चढा. बॅटरी, वही आणि पेन सोबत हवंच. लेखावर समोरून उजेड मारला तर भिंत सपाट दिसते. सोबतच्याला दोन पावलं बाजूला उभं करा आणि उजेड तिरपा पाडायला सांगा. खाचेत सावली बसते आणि ब्राह्मी अक्षर उठून येतं. खडू किंवा पाणी लावायचं मनातही आणू नका.

हे लेणं उषवदाताचं, म्हणजे इथला क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपान याच्या जावयाचं. ओसरीतल्या ४२व्या वर्षाच्या लेखात त्याने ३,००० कार्षापणांची (तेव्हाची नाणी) ‘अखयनिवी’ ठेवल्याचं लिहिलंय. आपल्या भाषेत कायम ठेव. पैसे गोवर्धन या इथल्या जुन्या गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे ठेवले: २,००० एकीकडे, दरमहा शेकडा एक दराने, आणि १,००० दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. लेखातला शब्दच ‘पायून’ आहे! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तिथल्या ओट्यावर बसूनच घेतलं. ‘सहस्रानि बे’ असंही आहे, आपल्या बे एके बे मधलं बे. पुढे अट: ‘अपडिदातवा वधिभोजा’. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त वाढ खायची.

आता वही काढा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. लेखात म्हटलंय, वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, इथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (भिक्षूचं वस्त्र) प्रत्येकी बारा. वीस बारे दोनशे चाळीस. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही. (आमच्याकडे मार्चअखेरीला ताळा असा एका फटक्यात कधी जुळला नाही.) हजाराचं वर्षाचं व्याज ९० होतं, ते ‘कुशणमूल’ नावाच्या वेगळ्या खर्चाला लावलेलं. व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, हेही कोरलंय. म्हणजे साक्षीदार आले, दप्तर आलं.

मग खोल्या मोजा. मोजताना प्रत्येक खोलीतला दगडी ओटा बघा. भिक्षूचं अंथरूण तेच. एका खोलीच्या दारावर उषवदाताच्या बायकोचं, दक्षमित्राचं दान आहे. खोलीला शब्द ‘ओवरक’, देवळातली आपली ओवरी. मागच्या भिंतीवर पूर्वी स्तूप कोरलेला होता, नंतर कुणीतरी त्यातून भैरव घडवला. स्तूपावरच्या छत्रीच्या खुणा अजून दिसतात. शाळेच्या सहलीत आम्हाला इथे सगळं पांडवांचं म्हणून सांगितलं होतं आणि मी ते चाळीस वर्षं खरं मानलं. असो.

आता मागे फिरून तीन नंबरला या. इथे धनी बदलला आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःचे ठसे मारले. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली १३,०००हून जास्त नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या बहुतेकांवर दोन्ही राजांची छाप आहे. लेण्याच्या दर्शनी भागात तुळया खांद्यावर घेतलेले यक्ष आहेत. पोरं तिथेच फोटो काढत बसतात, काढू द्या. तुम्ही ओसरीतले दोन हुकूम बघा.

पहिला गौतमीपुत्राच्या राज्याच्या १८व्या वर्षाचा: गोवर्धनच्या विष्णुपालित अमात्याला (राजाचा अधिकारी) आज्ञा, की पूर्वी उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना द्यावं. शेतात सैनिकांनी शिरू नये, मीठ खणू नये, अधिकाऱ्यांनी हात लावू नये. दुसरा २४व्या वर्षाचा, सामक अमात्याच्या नावे, राजा आणि राजमाता दोघांकडून. त्यात कबुली आहे: दिलेलं शेत कसलं जात नाही, गावात वस्तीच नाही. म्हणून आता नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातून १०० निवर्तनं देतो. पहिल्या हुकुमाखाली हा कोरलाय. मधली सहा वर्षं भिक्षूंनी किती खेटे घातले असतील, ते मात्र कोरलेलं नाही.