उत्तरपत्रिकेत मराठीच दिसेना

दिग्रसजवळच्या आमच्या गावात कायदा शिकणाऱ्या पाच पोरांची लॅपटॉपवर सराव परीक्षा घेतली. एकीचं उत्तर माझ्या लॅपटॉपवर उघडलं, तर नुसती रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस. दोन तासांची मेहनत, अन् एक ओळ वाचता येईना. पोरगी रडवेली झाली.

तिनं क्रुतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. त्यात मराठी फक्त दिसते, फाइलमध्ये साठतात रोमन अक्षरं. तो फॉन्ट नसला की ती उघडी पडतात. मी फॉन्ट टाकून वाचलं, पण परीक्षेत एवढा वेळ कोण देणार?

मग सगळ्यांच्या विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमधून मराठी जोडली, इन्स्क्रिप्ट हा मराठी अक्षरांचा कीबोर्ड घेतला. त्यात फाइलमध्येही मराठीच साठते. विंडोज आणि स्पेस एकत्र दाबलं की भाषा बदलते. अक्षराचा पाय मोडायला डी, ‘क्ष’ला शिफ्ट आणि ७. सरावाला भारतीय न्याय संहितेचीच कलमं दिली. १ जुलै २०२४पासून ती लागू आहे, तरी पोरांचा हात खुनाच्या शिक्षेला जुन्या दंड संहितेच्या ३०२कडेच जायचा. नव्या संहितेतलं १०३ लिहून लिहून तेही सुटलं.

लाइनचा भरवसा नाही, म्हणून शेवटचे दोन पेपर चार्जर काढूनच घेतले. एकाची बॅटरी चाळीस मिनिटांत संपली. ती वेळीच बदलून घेतली.

“सर, आता कीबोर्डकडे पाहावं लागत नाही,” ती पोरगी परवा म्हणाली.