चाड सरोवराचं क्षेत्रफळ उपग्रहचित्रांवरून कसं मोजावं

चाड, नायजर, नायजेरिया आणि कॅमेरून या चार देशांत पसरलेलं हे सरोवर इतकं उथळ आहे की पातळी थोडी उतरली तरी काठ कित्येक किलोमीटर मागे सरकतो. म्हणून आधी महिना ठरवा, चित्र नंतर निवडा. पाऊस ऑगस्टमध्ये जोरात असतो, पण शारी-लोगोन नद्यांचा पूर सावकाश पोहोचतो. सरोवर भरतं डिसेंबर-जानेवारीत आणि तळ गाठतं जुलैच्या सुमारास. एका वर्षाचा जानेवारी दुसऱ्या वर्षाच्या जुलैशी ताडला तर सरोवर आटल्यासारखं दिसणारच. जानेवारीत हरमॅटन या सहारातून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याची धूळही असते. ढग नसूनही चित्र पांढुरकं दिसलं, तर ते सोडून पुढची तारीख घ्या.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची लेव्हल-२ए (वातावरणाचा परिणाम वजा केलेली) चित्रं मोफत मिळतात. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये उघडून यूटीएम ३३ उत्तर हा मीटरमध्ये मोजणारा प्रक्षेप ठेवा. अंश-मिनिटांत ठेवलेल्या नकाशावर पिक्सेल मोजून क्षेत्रफळ काढू नये. चित्रातला प्रत्येक बँड म्हणजे प्रकाशाचा एक पट्टा: बँड ३ (हिरवा) १० मीटरचा, तर बँड ११ (लघुतरंग अवरक्त) २० मीटरचा असतो. बँड ३ सरासरी घेऊन २० मीटरवर आणा. मग रास्टर कॅल्क्युलेटर या पिक्सेलवार गणित करणाऱ्या साधनात (बँड ३ − बँड ११) ÷ (बँड ३ + बँड ११) करा. उत्तर शून्याहून जास्त ते ढोबळमानाने पाणी. असे २,५०० पिक्सेल म्हणजे १ चौ. किमी.

इथे एक खड्डा आहे. जानेवारी २०२२ च्या अखेरीपासून नव्या पद्धतीने तयार होणाऱ्या चित्रांत प्रत्येक आकड्यात १,००० मिळवलेले असतात. ते वजा न करता जुन्या चित्रांशी तुलना केली तर गुणोत्तर शून्याकडे ओढलं जातं. सीमा नेमकी शून्य असेल तर फरक पडत नाही, पण दुसरी कुठली सीमा घेतली तर काठावरचे पिक्सेल इकडचे तिकडे होतात. जळालेलं गवत आणि ढगांच्या सावल्याही पाणी म्हणून घुसतात. बँड ८-४-३ चं (हिरवळ लाल दाखवणारं) चित्र शेजारी ठेवून अशा चुकीच्या जागा हाताने काढून टाका.

खरी अडचण वनस्पतींची. १९७० च्या दशकातल्या दुष्काळानंतर उत्तर आणि दक्षिण खोरं वेगळं झालं, आणि पाण्याचा मोठा भाग आता लव्हाळी-पाणगवताखाली दडलेला असतो. वरचं सूत्र तो जमीन म्हणून मोजतं. त्यासाठी मार्च-एप्रिलचं चित्र घेऊन हिरवेपणाचा निर्देशांक काढा: भोवतालचा प्रदेश करपलेला असताना जे हिरवं राहतं, त्याच्या मुळाशी ओल असते. उघडं पाणी आणि दलदल हे दोन आकडे वेगवेगळे लिहा, एकत्र करू नका. चाडमधल्या बोल या गावाजवळ वाळूच्या टेकड्यांमधले सरोवराचे फाटे बांध घालून अडवले आहेत. त्या पोल्डरांतली शेतीही हिरवी दिसते, तिची सीमा आखून ती वगळा. पाणी ओसरल्यावर ओल्या गाळात मका-चवळी पेरली जाते, त्या पट्ट्यांनाही हाच नियम.

"सरोवर नव्वद टक्के आटलं" हे वाक्य बहुधा १९६३ च्या सुमारे २५,००० चौ. किमी. या आकड्यावर उभं असतं. ती वर्षं भरपूर पावसाची होती, आणि नंतरच्या आकड्यांत बरेचदा फक्त उघडं पाणी धरतात. आम्ही तरी तुलनेला आधार म्हणून एक वर्ष घेत नाही; निदान दहा वर्षांचे तेच महिने घ्या. जुन्या वर्षांसाठी १९८० च्या दशकापासूनची लँडसॅट थिमॅटिक मॅपर चित्रं चालतात: बँड २ आणि बँड ५, पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौ. मीटर. देशवार तुकडे पाडायचे असतील तर ते अगदी शेवटी पाडा.