पावसाने भिजलेला कोर्स आणि मंडळाची गोल्फ सहल : या चुका टाळा

आमच्या मंडळाच्या एका सहलीत पुढच्या गटातील खेळाडूने फेअरवेवरच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावरच्या) डबक्यातून चेंडू उचलला आणि दंड न घेता तो बाजूला ड्रॉप केला, म्हणजे हातातून जमिनीवर सोडला. मागच्या गटातील खेळाडूचा चेंडू त्याच डबक्यात गेला, तेव्हा त्याच्या सोबत्यांनी त्याला एक फटक्याचा दंड मोजायला लावला. संध्याकाळी दोघांमध्ये एकाच गुणाचा फरक निघाला. त्या दिवसाचे नियोजन माझ्याकडे होते, आणि ओल्या मैदानावर कोणते नियम लागू राहतील हे पहिल्या टीवर, म्हणजे खेळ जिथून सुरू होतो तिथे, मी कोणालाच सांगितले नव्हते. पावसाळी दिवशी उद्भवणारे बहुतेक वाद आणि गोंधळ असेच, खेळ सुरू होण्यापूर्वी घ्यायचे निर्णय राहून गेल्यामुळे होतात, असे तेव्हापासून माझे ठाम मत आहे.

निघण्यापूर्वीच्या चुका

कोर्स सुरू आहे का, एवढेच विचारून फोन ठेवणे ही पहिली चूक. बग्गी आणि ट्रॉली नेता येतील का, कोणते होल बंद आहेत, तात्पुरत्या ग्रीन्स (होलभोवतीचे बारीक गवताचे भाग) वापरात आहेत का आणि बंकरांमध्ये (वाळूच्या खड्ड्यांमध्ये) पाणी साचले आहे का, हे सारे आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी निघण्यापूर्वी विचारावे. चालत अठरा होल खेळणे ज्यांना झेपत नाही, अशा सभासदांना बग्गी मिळणार नसल्याचे कोर्सवर पोहोचल्यानंतर कळणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

ग्रीन्स कोरड्या दिसल्या म्हणजे कोर्स खेळण्याजोगा आहे, असेही समजू नये. यूएसजीए या अमेरिकी गोल्फ संघटनेच्या शिफारशींप्रमाणे बांधलेल्या ग्रीनमध्ये सुमारे ३० सेंटिमीटर वाळूप्रधान थर आणि त्याखाली सुमारे १० सेंटिमीटर खडीचा थर असतो, त्यामुळे तिच्यातले पाणी लवकर निचरते. फेअरवे मात्र बहुतेक ठिकाणी मूळच्या मातीवरच असतात आणि चिकणमाती असेल तर पाऊस थांबल्यावरही तिथे पाणी बराच काळ साचून राहते.

स्पर्धेचे स्वरूप आणि सुरुवातीची पद्धत

ओल्या दिवशी प्रत्येक होल पूर्ण करण्याची सक्ती असलेला स्ट्रोक प्ले (सर्व फटके मोजून निकाल) ठेवणे मला चुकीचे वाटते. स्टेबलफोर्डमध्ये, म्हणजे प्रत्येक होलला गुण देण्याच्या पद्धतीत, गुण मिळण्याची शक्यता संपताच खेळाडू चेंडू उचलून पुढे जाऊ शकतो आणि मागचे गट पावसात खोळंबत नाहीत.

सर्व गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू करण्याच्या शॉटगन पद्धतीत एक अडचण दडलेली असते, आणि ती सहसा खेळ अर्ध्यावर थांबल्यावरच लक्षात येते. अशा वेळी प्रत्येक गटाने दहा-बारा होल खेळलेले असतात, पण ते होल एकच नसतात. कोणाच्या वाट्याला सोपे आलेले असतात, तर कोणाच्या वाट्याला लांबलचक पार पाच (पाच फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असलेले) होल. मग तुलना कशाच्या आधारे करायची? उलट सर्वांनी ओळीने पहिल्या होलवरून सुरुवात केली, तर शेवटचा गट नववा होल पूर्ण करताच पहिल्या नऊ होलांचा निकाल लावता येतो. म्हणून हवामानाचा अंदाज संशयास्पद असेल तर मी ओळीने सुरुवात करण्याचाच आग्रह धरतो आणि अठरा होल पूर्ण न झाल्यास पहिले नऊ होल ग्राह्य धरले जातील, हे आधीच लेखी कळवतो. निकालाची पद्धत खेळ थांबल्यानंतर ठरवली, तर ती कितीही न्याय्य असली तरी कोणाला तरी पक्षपाती वाटतेच.

डबक्यातला चेंडू

सर्वांत जास्त चुका इथे होतात. २०१९ च्या नियमांपासून साचलेल्या पावसाच्या पाण्याला ‘तात्पुरते पाणी’ असे नाव मिळाले आहे. जमीन नुसती ओली, मऊ किंवा चिखलाची असणे यासाठी पुरेसे नाही. पाय रोवताना क्षणभर पाणी वर आले आणि लगेच जिरले, तर तेही पुरेसे नाही. खेळाडू उभा राहण्यापूर्वी किंवा उभा राहिल्यानंतर जमिनीवर पाणी साचलेले दिसत राहिले पाहिजे. दव आणि दहिवर (गोठलेले दव) यांचा यात समावेश होत नाही.

असे पाणी चेंडू, उभे राहण्याची जागा किंवा नियोजित स्विंग यांच्या आड येत असेल, तर दंड न भरता सुटका मिळते. अडथळा पूर्ण टळेल असे सर्वांत जवळचे ठिकाण शोधायचे, तिथून एका क्लबच्या (गोल्फच्या काठीच्या) लांबीच्या आत, होलच्या अधिक जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू ड्रॉप करायचा. हे ठिकाण सर्वांत जवळचे असावे लागते, सर्वांत सोयीचे नव्हे. ते रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या उंच गवतात) पडत असेल तर एक तर रफमध्ये ड्रॉप करावा, नाही तर पाण्यातून खेळावे. फेअरवेवरची छानशी जागा निवडण्याची मुभा नियम देत नाही.

बंकरमध्ये मात्र ही दंडविरहित सुटका बंकरच्या आतच घ्यावी लागते. संपूर्ण बंकर पाण्याखाली असेल तर पाणी त्यातल्या त्यात कमी असलेल्या जागी ड्रॉप करता येते, किंवा एक फटक्याचा दंड घेऊन, होल आणि चेंडू यांना जोडणाऱ्या रेषेवर मागे जात, बंकरबाहेर यावे लागते. एरवी शांत असलेले खेळाडूही यावर चिडतात, आणि त्यांचे चिडणे मला समजते. पण स्पर्धा चालवणाऱ्या समितीने सुरुवातीलाच पूर्ण बुडालेला बंकर दुरुस्तीखालची जमीन म्हणून जाहीर केला आणि बंकरबाहेर दंडविरहित सुटकेची परवानगी दिली, तर हा प्रश्नच उरत नाही.

ग्रीनवर चेंडू आणि होल यांच्यामध्ये पाणी असेल, तर चेंडू जवळच्या योग्य ठिकाणी ठेवून खेळता येतो. टॉवेलने ते पाणी टिपून घेणे मात्र निषिद्ध आहे. पटच्या (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवण्याच्या फटक्याच्या) मार्गावरचे पाणी, दव किंवा दहिवर काढून तो मार्ग सुधारणाऱ्याला स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड होतो, आणि हे ठाऊक नसल्यामुळे भले भले खेळाडू सहज टॉवेल फिरवून मोकळे होतात.

रुतलेला चेंडू आणि चिखल

फेअरवे आणि रफ या सर्वसाधारण भागात, आपल्याच फटक्याने पडलेल्या खळग्यात चेंडू रुतला असेल आणि त्याचा काही भाग जमिनीच्या पातळीखाली असेल, तर दंडाशिवाय सुटका मिळते. रुतला आहे की नाही याची खात्री नसेल तर खूण करून चेंडू उचलता येतो, पण चूक नेमकी यानंतर घडते. उचललेला चेंडू हात आपोआप पुसून टाकतो. सुटका मिळते की नाही हे पाहण्यासाठी उचललेला चेंडू, तो ग्रीनवर नसेल तर, निर्णय होईपर्यंत पुसता येत नाही. सुटका मिळत नसताना पुसला तर एक फटक्याचा दंड आहे.

चेंडूला चिखल चिकटला, एवढ्याच कारणाने तो उचलता येत नाही. त्यासाठी समितीने ‘प्रिफर्ड लाइज’ (चेंडू उचलून, पुसून जवळ ठेवण्याची मुभा) हा स्थानिक नियम लागू केलेला असावा लागतो. तो लागू करताना ‘आज चेंडू हलवायला हरकत नाही’ असे मोघम सांगू नये. अंतर सहा इंच की एक क्लब, आणि ही सवलत फक्त फेअरवेइतक्या किंवा त्याहून कमी उंचीच्या गवतापुरतीच आहे, ही दोन्ही वाक्ये पहिल्या टीवर मोठ्याने वाचून दाखवावीत. ही सवलत गृहीत धरून रफमधला चेंडू हलवलेल्या जागेवरून खेळल्यास दोन फटक्यांचा दंड होतो.

मऊ जमिनीत रुतून दिसेनासा झालेला चेंडू तीन मिनिटांत सापडला नाही, तर तो हरवलाच. रुतला असणार, हा अंदाज उपयोगी पडत नाही. म्हणून गटातील चौघांनीही प्रत्येक चेंडू पडेपर्यंत पाहावा आणि शंका असल्यास तात्पुरता दुसरा चेंडू खेळून घ्यावा.

छत्री आणि पकड

सोबत्याने डोक्यावर धरलेल्या छत्रीखाली उभे राहून फटका मारणे, मग तो एक फुटाचा पट का असेना, नियमबाह्य आहे आणि त्याला दोन फटक्यांचा दंड आहे. स्वतःच्या एका हाताने छत्री धरून दुसऱ्या हाताने पट केल्यास मात्र हरकत नाही.

कातडी हातमोजा भिजला की बुळबुळीत होतो. पावसासाठी बनवलेले हातमोजे ओले झाल्यावर उलट अधिक घट्ट धरतात. कोरडा टॉवेल बॅगेला न लटकवता छत्रीच्या आतल्या काड्यांना अडकवावा. चेंडू पडल्यावर फारसा घरंगळत नाही, म्हणून नेहमीपेक्षा लांब जाणारा क्लब घ्यावा आणि स्विंग संथ ठेवावा; जोर वाढवणाऱ्याचा पाय घसरतो. ओली वाळू घट्ट बसलेली असते आणि तिच्यावरून क्लब उसळतो, त्यामुळे बंकरमध्ये क्लबचा चेहरा एरवीइतका उघडू नये.

वीज

पाऊस पडतो आहे एवढ्यावरून खेळाडूने स्वतःहून खेळ थांबवणे नियमांना मान्य नाही. विजेचा धोका आहे असे रास्तपणे वाटले तर मात्र कोणाचीही वाट न पाहता थांबता येते, आणि थांबावेच. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंद किंवा त्याहून कमी अंतर असेल तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे गेल्याशिवाय मैदानावर परतू नये. समितीने तातडीने खेळ थांबवल्याचा एक लांब भोंगा वाजला की हातातला पटही पूर्ण करायचा नसतो. त्यानंतर फटका मारणारा सहसा स्पर्धेतून बाद होतो. झाडाखाली उभे राहण्याची चूक जाणती माणसेही करतात, कारण तिथे पाऊस कमी लागतो. एकट्या झाडापासून, उंचवट्यापासून आणि उघड्या शेडपासून दूर राहून क्लबहाऊस किंवा बंद गाडी गाठावी. या बाबतीत मंडळाच्या कोणत्याही बक्षिसाचा विचार मनात येऊ देऊ नये.

कार्ड

ओल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही, म्हणून प्रत्येक गटाला पेन्सिल आणि कार्डासाठी प्लॅस्टिकची पिशवी द्यावी. फिकट झालेला आकडा आठवून भरण्याऐवजी, ग्रीन सोडल्यावर पुढच्या टीवर छत्रीखाली मार्कर (खेळाडूचे आकडे कार्डावर लिहिणारा) आणि खेळाडू यांनी प्रत्येक होलचा आकडा एकमेकांना मोठ्याने सांगावा. एखाद्या होलचा आकडा प्रत्यक्षाहून कमी लिहून कार्ड दिले तर स्ट्रोक प्लेमध्ये खेळाडू बाद होतो, जास्त लिहिला तर तो जास्तीचाच आकडा कायम राहतो. कार्डे हातात येताच ती एकावर एक न रचता टेबलावर सुटी पसरून ठेवावीत, कारण ओली कार्डे एकमेकांना चिकटली की पेन्सिलीचे आकडेही पुसले जातात.