टाकीतला मासा ताटात घ्यावा का?

"दादा, हा शार्क खाल्ला तर चालेल का?" हा प्रश्न मला बहुतेक वेळा घर बदलणारी माणसं विचारतात. भाड्याची जागा सोडायची असते, तीन फुटी टाकी टेम्पोत नेण्याची हिंमत नसते, दुकानदार मोठा झालेला मासा सहजासहजी परत घेत नाही आणि मासा चांगला दीड फुटाचा, अंगाने भरलेला. मी ठाणे-डोंबिवली भागात शोभेच्या माशांच्या टाक्या बसवायचं आणि साफ करायचं काम करतो. आई करंजाची, तिने उरणच्या बाजारात वर्षानुवर्षं मासळी विकली. त्यामुळे खायचा मासा आणि पाळायचा मासा, दोन्ही आमच्या घरातले. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: खाऊ नका. पण का नको आणि मग त्या माशाचं करायचं काय, हेही सांगायला हवं. नुसतं "नको" म्हटलं की लोक तो मासा रात्री तलावात सोडून येतात.

मासा कुठल्या जातीचा आहे यावरून घाबरायचं कारण सहसा नसतं. दुकानात शार्क म्हणून विकतात तो मेकाँग नदीतला पंगास. बाजारात बासा म्हणून मिळते ती बहुतेक वेळा याचीच तुकडी. पूर्ण वाढला तर मीटरभराच्या पुढे जातो, म्हणून तर तो कुठल्याच घरात मावत नाही. पिऱ्हाना म्हणून गळ्यात मारतात तो लाल पोटाचा मासा बहुतेक वेळा पाकू असतो, म्हणजे आपल्या बाजारातला रूपचंद. गोल्डफिश आणि कोई हे कार्पच्या कुळातले. मोठा गुरामी इंडोनेशियात आवडीने खातात, ऑस्कर अ‍ॅमेझॉनच्या काठावर. काचेला चिकटून शेवाळ खाणारा सकरसुद्धा दक्षिण अमेरिकेत खातात, पण त्याच्या अंगावर हाडाचं चिलखत असतं, कोयता घसरतो.

जातीवरूनच ज्यांना हात लावायचा नाही असेही काही आहेत. पफर, म्हणजे डिवचला की फुग्यासारखा फुगणारा मासा, गोड्या पाण्यातला असो वा खाऱ्या, खायचा नाही. त्याचं विष शिजवून जात नाही आणि त्यावर उताराही नाही. खाऱ्या पाण्याच्या टाकीतला बॉक्सफिश अंगातून विष सोडतो. प्रवाळाच्या खडकांवर धरलेल्या माशांत सिग्वाटेरा नावाचं विष असू शकतं. ते खडकावरच्या सूक्ष्म शेवाळातून माशात येतं आणि तळून, उकळून नष्ट होत नाही. खाऱ्या टाकीतले कितीतरी मासे समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. फिलिपाईन्स आणि इंडोनेशियात ते सायनाइड फवारून गुंगी आणून पकडण्याची वाईट पद्धतही चालत आली आहे. म्हणून खाऱ्या टाकीतल्या कुठल्याच माशाचा विचार नको.

आता खरी अडचण. आई गिऱ्हाइकाला भाव सांगायच्या आधी मासा कुठल्या बंदराचा ते सांगायची, आणि स्वतः माल घेताना आधी तेच विचारायची. टाकीतल्या माशाला हाच प्रश्न विचारून बघा. चेन्नईचं कोलातूर किंवा कोलकाता इथल्या पैदास करणाऱ्यांकडून तो निघतो, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यातून कुर्ल्याच्या बाजारात येतो, तिथून तुमच्या गल्लीतल्या दुकानात. दुकानदार पिशवी उघडतो तेव्हा पाणी नीट बघा. बऱ्याचदा त्याला फिकट निळी नाहीतर पिवळी झाक असते. ती औषधाची. तुम्ही घरी एक थेंबही घातला नसेल, तरी तुमच्याकडे येईपर्यंत त्याच्यावर काय काय ओतलं गेलंय याची नोंद कोणाकडेच नसते.

ही औषधं कसली? निळं ते मिथिलीन ब्लू. व्हाईट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग) किंवा फंगस लागली की देतात त्या हिरव्या औषधात बहुधा मॅलाकाइट ग्रीन असतं, कधी जोडीला फॉर्मेलिन. २०१८ च्या जुलैमध्ये मासळी टिकवायला फॉर्मेलिन लावल्याच्या संशयावरून गोव्यात केवढा गदारोळ झाला, बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद करावी लागली. तेच रसायन आपण टाकीत झाकणाने मोजून घालतो. मॅलाकाइट ग्रीन माशाच्या शरीरात गेलं की रूप बदलून चरबीत बसतं आणि दीर्घकाळ तिथेच राहतं. त्याने कर्करोग होऊ शकतो असा संशय आहे, म्हणून युरोप-अमेरिकेत खायच्या माशांना ते देता येत नाही. पिवळ्या औषधात पुष्कळदा नायट्रोफ्युरान गटातली औषधं असतात. खायच्या मासळीत ती आणि क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक भारतातही वर्ज्य आहेत. नायट्रोफ्युरानचे अवशेष मांसाला धरून बसतात. कढीत उकळा, रव्यात तळा, ते जात नाहीत.

कोंबडीला किंवा शेतीच्या माशाला औषध दिलं तर किती दिवसांनी ते खाण्यालायक होतात हे ठरलेलं असतं. शोभेच्या माशांच्या औषधावर असं काही लिहिलेलं नसतं, कारण हा मासा कोणी खाईल असं बनवणाऱ्याने धरलेलंच नाही. तुमच्या घरातली बाटली आणा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. खाण्याच्या माशांसाठी नाही, असं इंग्रजीत पुष्कळ बाटल्यांवर छापलेलं असतं.

औषधाखेरीज आणखी काही गोष्टी लक्षात घ्या. फ्लॉवरहॉर्नसारख्या माशांचा रंग आणि डोक्यावरची गाठ लवकर यावी म्हणून काही ठिकाणी हार्मोन दिलेलं खाद्य घालतात. काचेसारख्या पारदर्शक माशांना सुईने रंग टोचलेला असतो. आणि टाकीच्या तळाशी हात घालून पाहा: पाणवनस्पती बुडून राहावी म्हणून तिच्या मुळांशी करड्या, मऊ धातूची पट्टी गुंडाळलेली सापडेल. बोटाने वाकते. ती बऱ्याचदा शिशाची असते, आणि वर्षानुवर्षं त्याच पाण्यात पडून असते. गोगलगायी मारायला मोरचूद वापरला असेल तर त्यातलं तांबं माशाच्या यकृतात साठतं.

एखाद्याने चार वर्षं मासा पाळला, कधी औषध घातलं नाही आणि एकदा कालवण करून खाल्लं, तर तो लगेच आजारी पडेल असं मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा काहीच होणार नाही. पण ज्याचा माग लागत नाही ते पोरांच्या ताटात वाढायचं नाही, इतकंच माझं म्हणणं. दीड फुटी शार्कमधून डोकं, शेपूट, आतडी काढून उरतात त्या तुकड्या बाजारात कितीशा पैशांत मिळतात! शिवाय टाकीतल्या माशाला शेवाळाचा मातकट वास असतो, तो आमसूल घालूनही लपत नाही.

साफ करताना आणखी एक धोका आहे, त्याच्याबद्दल फार कमी लोकांना माहीत असतं. टाकीच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचे जंतू असू शकतात, क्षयाच्या जंतूंच्या कुळातले. बोटाला काप असेल किंवा माशाचा काटा रुतला तर ते आत शिरतात. दोन-चार आठवड्यांनी लालसर गाठ येते, दुखत फारसं नाही, पण बरीही होत नाही. उपचार महिनोन्महिने चालतात. अशी गाठ आली तर घरात टाकी आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा, नाहीतर त्यांच्याही लक्षात येत नाही. टाकी धुताना हाताला जखम असेल तर हातमोजे घालाच. आजारी, पोट फुगलेला किंवा मेलेला सापडलेला मासा तर मांजरालाही घालू नका.

मग नकोशा माशाचं काय करायचं? आधी जिथून घेतला त्या दुकानात विचारा. पैसे मागू नका, फुकट देतोय म्हणा, बरेच जण घेतात. नाही म्हणाले तर मोठी टाकी असलेला छंदी माणूस शोधा. शार्क, पाकू, ऑस्कर यांना निदान पाच-सहा फुटी टाकी लागते. कारंजं किंवा सिमेंटचा हौद असलेली हॉटेलं, रिसॉर्ट, शाळा कोई आणि गोल्डफिश घेतात. गप्पी असतील तर सोसायटीच्या कारंज्यात उपयोगी पडतात, डासांच्या अळ्या खातात. पालिकेचा मलेरिया विभागही त्यासाठीच गप्पी वापरतो. देताना मासा ज्या पाण्यात आहे तेच पाणी पिशवीत एक तृतीयांश भरा, बाकी हवा ठेवा आणि आदल्या दिवशी खाऊ घालू नका, म्हणजे पिशवीत घाण होत नाही.

तलाव, नदी, विहीर, धरण यांत सोडायचं नाही. हे मी हात जोडून सांगतो. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात सकर येतो तो कोणाच्या तरी टाकीतूनच सुटलेला. बाजारात त्याला भाव नाही आणि काटेरी अंगाने जाळी फाटतात. मेक्सिकोत इन्फिएर्निओ धरणावर हेच झालं, मच्छीमारीच बसली. ज्याचं पोट जाळ्यावर आहे त्याला तुमचा एक मासा महागात पडतो.

कोणीच घेत नसेल, किंवा मासा इतका आजारी असेल की वाचणार नाही, तर त्याला त्रास न देता संपवा. संडासात सोडणं, फ्रीजमध्ये ठेवणं, पाण्याबाहेर तडफडू देणं यातलं काही नको. केमिस्टकडे लवंगाचं तेल मिळतं. बादलीत टाकीतलंच पाणी मोजून घ्या. छोट्या बाटलीत कोमट पाणी आणि तेल एकत्र करून दुधाळ होईपर्यंत हलवा, तेल नुसतं ओतलं तर वर तरंगतं. आधी लिटरमागे दोन-तीन थेंबांएवढं सावकाश घाला. मासा गुंगीत कलंडला की लिटरमागे आणखी आठ-दहा थेंब. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही अर्धा तास तसाच राहू द्या, लवकर बाहेर काढलात तर शुद्धीवर येऊ शकतो. मग फूटभर खड्ड्यात पुरा, नाहीतर कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात द्या. हा मासा अर्थातच कोणी खायचा नाही, मांजरानेसुद्धा.

घरी वाढवून खायची हौस असेल तर ती वेगळी गोष्ट, आणि मला ती आवडते. पण त्यासाठी शोभेच्या दुकानात जाऊ नका. मत्स्यबीज केंद्रातून रोहू, कटला किंवा रूपचंदचं बीज आणा. टाकी नवी किंवा पिण्याच्या पाण्याची, केमिकलचं रिकामं पिंप चालणार नाही. मत्स्यशेतीचंच खाद्य वापरा, मासा आजारी पडला तर रंगीत बाटलीकडे हात न नेता मत्स्यविभागात विचारा. काढायच्या आधी चार-पाच दिवस उपाशी ठेवून वाहत्या स्वच्छ पाण्यात ठेवा, मातकट वास बराच जातो. तिलापिया आणि पंगासच्या शेतीला नियम आहेत, ते आधी विचारून घ्या. थाई मांगूर तर नकोच, त्यावर देशभर बंदी आहे.

आणि हे वाचायच्या आधीच कोणी टाकीतला मासा खाऊन बसलं असेल तर? गोड्या पाण्यातला नेहमीचा मासा आणि नीट शिजलेला असेल तर घाबरू नका, उलटी, जुलाब, ताप यावर लक्ष ठेवा. पण मासा पफर असेल, किंवा खाऱ्या टाकीतला असेल आणि ओठ, जीभ, बोटांची टोकं मुंग्या आल्यासारखी बधिर वाटू लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका. पफरच्या विषाने श्वासाचे स्नायूच थकतात. थेट मोठ्या रुग्णालयात न्या, जिथे व्हेंटिलेटर आहे, आणि उरलेला मासा, निदान त्याचा फोटो, सोबत घ्या.